स्वतःची युद्धकला बनवतोय कॅरेक्टरसाठी, पण सगळे डाव सारखेच वाटतायत. डंजन्स अँड ड्रॅगन्स फिफ्थ एडिशन, मदत हवीय

घाटावरचा_डीएम

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरात आमचा छोटा ग्रुप आहे, रविवारी घरीच खेळतो. नवीन कॅम्पेन, म्हणजे बरेच रविवार चालणारी एकच गोष्ट, सुरू करतोय (मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा) आणि जग आपल्याच भागावरून घेतलंय, म्हणजे गोदेसारखी नदी, घाट, वर डोंगररांग आणि त्यात एक किल्ला जो सरळसरळ हरिहरवरून उचललाय. ज्यांनी हरिहर केलाय त्यांना माहितीय, त्या कातळातल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, दोन्ही बाजूला हात अडकवायला खोबण्या आहेत आणि एका वेळी एकच माणूस नीट चढू शकतो. तर माझ्या जगात त्या पायऱ्या राखणारे लोक आहेत, त्यांना पायरीकर म्हणतात, आणि त्यांची स्वतःची युद्धकला आहे जी पिढ्यानपिढ्या शिकवली जाते. एका प्लेअरला तिथूनच आलेली फायटर, म्हणजे शस्त्राने लढणारी कॅरेक्टर, खेळायचीय, लेव्हल ४ पासून सुरुवात आहे आणि आम्ही २०१४ चेच रूल वापरतो.

मी बरेच डाव लिहून काढले. उडी मारून लाथ, भाल्याचा फिरता वार, दोन हातांचा ठोसा वगैरे. पण वाचून बघितलं की प्रत्येकाचा अर्थ शेवटी एकच निघतो, थोडं जास्त डॅमेज. नावं वेगळी पण टेबलवर फरक काहीच जाणवणार नाही. मला असं हवंय की बाकीच्या प्लेअर्सनी बघितल्या बघितल्या म्हणावं की हा माणूस पायरीकर आहे. आणि ग्रुपमध्ये अजून एक जण मॉन्क (रिकाम्या हातांनी लढणारा) आहे, त्याला असं वाटायला नको की आपल्यावर अन्याय झाला. गर्प्स या दुसऱ्या गेम सिस्टममध्ये मार्शल आर्ट स्टाईल बनवायची पद्धत चांगली आहे असं ऐकलंय, तिकडे जाऊ का? कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये.

---

लाल_माती

भाऊ डावांची यादी आत्ता बाजूला ठेव. मी लहानपणापासून तालमीत आहे, कुस्ती केलीय, त्यावरून सांगतो, कुठलीही कला डावांपासून सुरू होत नाही, ती जागेपासून सुरू होते. कुठे लढायचं, कोणाशी, अंगावर काय आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोज सराव कसा करायचा की समोरचा जोडीदार उद्या परत आला पाहिजे. हे चार प्रश्न सुटले की डाव आपोआप येतात, तुला शोधावे लागत नाहीत.

उदाहरण देतो. दांडपट्टा बघ, आपल्या महाराष्ट्राने २०२४ मध्ये ज्याला राज्यशस्त्र केलं. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत जाणारं लोखंडी आवरण, हात त्याच्या आत जातो आणि मनगट वळतच नाही. आता मनगट वळत नाही म्हटल्यावर तलवारीसारखे बारीक वार बंद झाले, सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून येणार, अंग फिरवत राहावं लागणार, आणि त्यामुळेच चहूबाजूंनी माणसं आली तरी पट्टेवाला त्यांना लांब ठेवतो. पण त्यालाच अरुंद बोळात उभा कर, पातं लांब आणि लवचिक, फिरवायला जागा नाही, संपला विषय. म्हणजे एका मुठीने सगळी कला ठरवली, तिची ताकद पण आणि तिची अडचण पण.

सरावाचं पण तसंच. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान सुरू केलं तेव्हा त्यांनी धोक्याचे प्रकार, ठोसे वगैरे, हे कातामध्ये म्हणजे ठरवलेल्या सरावात ठेवले आणि मोकळ्या झटापटीत फक्त फेकणं, दाबून धरणं असं ठेवलं, म्हणजे पोरं पूर्ण ताकदीने रोज लढू शकतात. म्हणून जुदोवाला फेकण्यात पक्का असतो, कारण तेच त्याने हजारदा खरंखुरं केलेलं असतं. बॉक्सिंगचं बघ, १८६७ च्या क्वीन्सबेरी रूल्सनी हातमोजे घातले आणि मिठी मारून पाडणं बंद केलं, त्याआधीच्या मुष्टियुद्धात माणूस उचलून आपटत होते. नियम बदलला की कला बदलली.

आता तुझे पायरीकर. मला सांग त्या हरिहरच्या पायरीवर तुझी उडी मारून लाथ कोण मारणार? मारणारा स्वतःच खाली जाईल. दोन हातांचा ठोसा? एक हात तर खोबणीत आहे. फिरता भाला? दोन्हीकडे कातळ आहे. तुझे जवळजवळ सगळे डाव मैदानातले आहेत म्हणून ते कुठल्याही फायटरचे वाटतात. आधी पायरीवर काय करता येत नाही ते लिही, पाच सहा गोष्टी. जे उरेल तीच पायरीकरांची कला.

आणि दुसरं, आमच्यात प्रत्येक डावाला तोड असते. समोरचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, खाली शिरला की पाय मागे टाकायचे आणि छातीचा भार त्याच्या पाठीवर द्यायचा, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. तू जो डाव लिहिशील त्याच्याखालीच त्याची तोड लिही. तोड नसेल तर तो डाव नाही, ती जादू झाली.

---

डी२०_नाशिकरोड

लाल माती दादांनी जे लिहिलंय ते एकदम बरोबर आहे, मी त्याला आकड्यांची बाजू जोडतो कारण इथे एक गोष्ट बहुतेक डीएमच्या लक्षात येत नाही.

तुमच्या त्या पायऱ्यांवर सगळ्यात घातक डाव ऑलरेडी रूलबुकमध्ये आहे आणि तो सगळ्यांना फुकट आहे. शव्ह, म्हणजे ढकलणं. एक अटॅक सोडायचा, डी२० (२० बाजूंचा फासा) टाकून ॲथलेटिक्स विरुद्ध समोरच्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स, जिंकलात की तो ५ फूट मागे किंवा प्रोन, म्हणजे आडवा. आणि पडण्याचं डॅमेज दर १० फुटाला १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), जास्तीत जास्त २०डी६. तुमची फायटर लेव्हल ४, स्ट्रेंग्थ १६ आणि ॲथलेटिक्समध्ये प्रोफिशियंट धरली तर तिचा बोनस +५. साध्या गॉब्लिनचा ॲक्रोबॅटिक्स +२. हिशोब केला तर ती साधारण ६२ टक्के वेळा जिंकते. गॉब्लिनचे सरासरी हिट पॉइंट (म्हणजे जीव) ७, आणि २० फूट पडला की सरासरी डॅमेज पण ७. म्हणजे एका ढकलीत गॉब्लिन गेला, कुठलीही खास कला न शिकता.

आणि हे उलटं पण चालतं हे विसरू नका. तुमच्या फायटरचा कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर लेव्हल ४ ला तिचे हिट पॉइंट ३६ होतात. १०० फूट पडणं म्हणजे १०डी६, सरासरी ३५. ओग्रने एकदा ढकललं की जवळजवळ संपली, डोळ्यासमोर. म्हणून त्या जागेवर डॅमेज वाढवणारे डाव लिहायची गरजच नाहीये, तिथे जागा स्वतःच मारते. कलेने काय द्यायला पाहिजे तर दोनच गोष्टी, मी पडणार नाही आणि तू पडशील.

बॅलन्सचं म्हणाल तर नवीन क्लास बनवू नका. बॅटल मास्टर हा फायटरचाच प्रकार घ्या आणि त्याच्या मनूव्हरच्या, म्हणजे ठरलेल्या डावांच्या, सांगाड्यावर तुमचे डाव बसवा. लेव्हल ३ ला त्याला चार सुपिरियॉरिटी डाइस, म्हणजे डावांवर खर्चायचे फासे, मिळतात, डी८, शॉर्ट रेस्टला म्हणजे छोट्या विश्रांतीनंतर परत येतात. एका डाइसची किंमत म्हणजे सरासरी साडेचार डॅमेज आणि एक छोटा परिणाम, पाडणं किंवा ढकलणं किंवा घाबरवणं, आणि तो परिणाम पण समोरच्याने सेव्ह, म्हणजे बचावाचा रोल, चुकवला तर. ही तुमची पट्टी. जो डाव लिहाल तो या पट्टीच्या आत बसतोय का बघा. सेव्हचा डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ८ अधिक प्रोफिशियन्सी अधिक स्ट्रेंग्थ किंवा डेक्स, म्हणजे तिच्यासाठी १३. मॉन्कवाल्या मित्राला लेव्हल ५ ला स्टनिंग स्ट्राइक येणार आहे, एक की पॉइंट (मॉन्कची खर्चायची शक्ती) आणि समोरचा सेव्ह चुकला तर मॉन्कच्या पुढच्या टर्नच्या, म्हणजे पाळीच्या, शेवटापर्यंत बधिर, तेव्हा त्याची काळजी करू नका, तो मागे राहणार नाही. फक्त एक बघा, पायरीकराच्या कुठल्याच डावाने समोरच्याची पूर्ण टर्न जायला नको, तो भाग मॉन्कचाच राहू दे.

---

दोरीवरची

मी मल्लखांब करायचे, पुरलेला पण आणि दोरीचा पण, आता लहान मुलींना शिकवते. गेम मी नवऱ्यामुळे खेळायला लागले पण हा विषय वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

तुम्ही सगळे हातांचाच विचार करताय. मल्लखांब हा मुळात पैलवानांच्या सरावासाठीच होता, पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी तो परत उभा केला असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात, आणि त्यात खांबाला एरंडेल लावलेलं असतं, तरी पण मुलं नुसत्या मांड्यांच्या पकडीवर लटकतात आणि दोन्ही हात मोकळे सोडतात. दोरीवर तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी धरायची असते. तेव्हा पायरीकरांनी अनवाणी लढलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. जोडे घातले की त्यांची कला अर्धी झाली पाहिजे. पोरगी शहरात आली आणि कोणीतरी तिला चांगले बूट घेऊन दिले तर तिने ते घालायचे की नाही हा खेळातला खरा प्रश्न होईल.

दुसरं म्हणजे, उभ्या पायरीवर वर असणारा आणि खाली असणारा हे दोन वेगळे लढवय्ये आहेत. खालच्याच्या डोळ्यासमोर काय असतं? वरच्याचा घोटा, नडगी, गुडघा. त्याचं डोकं मात्र वरच्याच्या टाचेखाली. वरच्याला खाली वाकून हाताने मारता येत नाही, वाकला की तोल गेला, म्हणून त्याचं हत्यार टाच किंवा लांब काठी. खालच्याने पाय धरून ओढायचा, वरच्याने टाचेने हाणायचं. बास, माझ्या मते तुमच्या कलेतले मुख्य डाव हे दोनच आहेत, बाकी सगळं त्यांच्या भोवतीचं. आणि टाच मारताना माणूस एका पायावर येतो, तो क्षण धोक्याचा, तीच त्याची तोड. तोल गेला तर जायलाच पाहिजे, ते रूलमध्ये ठेवा.

---

घाटावरचा_डीएम

ताई हे घोटा आणि टाच वाचून खरंच बसल्या जागी सगळं दिसायला लागलं, थँक्यू. लाल माती दादा, तुम्ही सांगितलं तसं काय करता येत नाही ते लिहिलं: दोन हातांचं हत्यार नाही, ढाल नाही कारण एक हात खोबणीसाठी, उडी नाही, मागे सरकणं नाही, एका ओळीत एकापेक्षा जास्त माणसं शेजारी नाहीत, वाकून वार नाही. यातून जे उरलं ते खरंच वेगळं दिसतंय.

पण एक भीती आहे, कॅम्पेन काही कायम पायऱ्यांवर नाहीये. अर्धा खेळ गावात, जंगलात, गुहेत. तिथे ही बिचारी काय करणार? प्लेअर कंटाळेल.

---

तीन_षटकोनी

गर्प्सचा विषय निघालाय म्हणून बोलतो, बरीच वर्षं तेच चालवतोय. सिस्टम बदलू नका, चालू ग्रुपला मध्येच नवीन सिस्टम म्हणजे महिनाभर सगळे पानंच उलटत बसतात. पण तिथली विचार करायची पद्धत मात्र जरूर उचला.

गर्प्समध्ये स्टाईल म्हणजे वेगळी ताकद नसतेच. ती एक खरेदीची यादी असते. एक पॉइंट देऊन स्टाईलची ओळख घ्यायची, मग त्या स्टाईलची ठरलेली स्किल्स, मग टेक्निक्स, आणि त्या स्टाईलमध्ये दर १० पॉइंट खर्च केले की एक छोटा पर्क, म्हणजे छोटी सवलत, घ्यायची मुभा. टेक्निक म्हणजे काय तर एखादी गोष्ट जी सगळ्यांनाच जमते पण पेनल्टी घेऊन. लाथ कोणीही मारू शकतो, स्किलपेक्षा २ ने कमी, आणि चुकली तर तोल सांभाळायला डेक्स्टेरिटीचा रोल, नाही जमला तर आडवा. ताईंनी जे एका पायाचं सांगितलं ते तिथे रूलमध्येच आहे. जो लाथेचा सराव करतो तो पॉइंट देऊन ती २ ची पेनल्टी हळूहळू भरून काढतो, पण मूळ स्किलच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे सराव केलेल्या माणसाला बोनस मिळत नाही. बाकीच्यांना जो त्रास होतो तो त्याला होत नाही, एवढंच.

आणि पायरीकरांसाठी तर आयताच पर्क आहे. खराब जमिनीवर वार करायला −२ आणि बचावाला −१ असतं, शुअर-फुटेड पर्क घेतला की ते जातं, एका पॉइंटात. आता बघा हे किती मोठं आहे. तीन षटकोनी फासे, १२ किंवा कमी पाडायचे असतील तर शक्यता ७४ टक्के. −२ लागला की १० किंवा कमी, ५० टक्के. म्हणजे पायरीवर शत्रू ७४ वरून ५० वर घसरला आणि आपली पोरगी ७४ वरच आहे, आणि आपण तिला एक पैशाचा बोनस दिलेला नाही.

फिफ्थ एडिशनमध्ये सरळ असं करा: उभ्या, निसरड्या, हलत्या जमिनीवर ज्यांना सवय नाही त्यांना अटॅकला −२. डी२० वर −२ म्हणजे १० टक्के, फार नाही पण जाणवतं. डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा घेणं) देऊ नका, त्याने सगळ्या टेबलचे वार हुकत राहतात आणि लढाई रटाळ होते. पायरीकराला तो −२ नाही. आणि निसरडी जमीन फक्त किल्ल्यावर असते का? तुमच्या जगात घाट आहे ना, गोदेच्या घाटावर पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या पायऱ्या, नावेचा डेक, ओला कातळ, वाड्याचं कौलारू छप्पर, चिखल झालेलं शेत. नाशिक जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने सपाट कोरडी जमीन शोधून दाखवा.

---

डी२०_नाशिकरोड

तीन षटकोनी यांचा −२ वाला मुद्दा मी लगेच माझ्या गेममध्ये घेतोय.

सपाट जमिनीवर काय करायचं याला माझं उत्तर आहे, पायरी शोधू नका, पायरी बनवा. रूल असा लिहा की डाव "पायरीवर" चालतात असं न म्हणता "समोरचा तुझ्यापेक्षा वर किंवा खाली असेल तेव्हा" चालतात. मग टेबलवर चढलेला, घोड्यावर बसलेला, बैलगाडीत उभा असलेला, हे सगळे वर. खड्ड्यातला, पाण्यात उभा असलेला खाली. आणि मुख्य म्हणजे जो प्रोन आहे तो सुद्धा खाली! आता साखळी जुळते बघा. सपाट जमिनीवर तिने आधी साध्या शव्हने पाडायचं, प्रोन झाला की तो खाली, मग टाचेचा डाव उघडतो. एक पायरी जास्त लागली सपाटीवर, म्हणजे ती तिथे जरा हळू आहे पण हातावर हात धरून बसलेली नाही.

याच्यात एक अजून भर, ग्रॅपल केलेल्याचा, म्हणजे धरून ठेवलेल्याचा, स्पीड ० असतो आणि प्रोन माणसाला उठायला अर्धा स्पीड लागतो. शून्याचा अर्धा करता येत नाही म्हणून पाडून धरून ठेवलेला उठूच शकत नाही. मोकळा हात तिच्याकडे आहेच. लाल माती दादांची कुस्ती तिथे आली.

---

वाट_चुकलेली_फायटर

मीच ती प्लेअर, डीएमने लिंक पाठवली. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, वाचून खूप भारी वाटलं.

मला एक सांगायचंय. तिची अडचण पूर्ण घालवू नका प्लीज. मला ही कॅरेक्टर खेळायचीय कारण ती आयुष्यात पहिल्यांदा किल्ल्यावरून खाली उतरलीय. सपाट मैदानात तिला चहूबाजूंनी उघडं पडल्यासारखं वाटतं, पाठीशी कातळ नाही, हाताला खोबण नाही, आणि शत्रू शेजारून येऊ शकतो हेच तिच्या डोक्यात बसत नाही कारण पायरीवर शेजार नसतोच. मैदानात तिने आधी भिंत, झाड, दगड काहीतरी शोधावं आणि एक हात त्याला टेकवावा असं मला करायचंय. ते रूलमध्ये आलं तर मी रोज ते खेळेन. कंटाळा मला तेव्हा येईल जेव्हा ती सगळीकडे सारखीच चांगली असेल.

अजून एक, शिकवणीचा क्रम काय असतो पायरीकरांचा? बॅकस्टोरी लिहायला हवाय.

---

लाल_माती

शाब्बास, हिला कळलंय.

क्रमाचं विचारलंस म्हणून, केरळच्या कळरीपयट्टूचा क्रम बघ, मला तो फार आवडतो. आधी मेय्थारी म्हणजे नुसतं शरीर, मग कोल्थारी म्हणजे लाकडी हत्यारं, मग अंकथारी म्हणजे धातूची, आणि सगळ्यात शेवटी वेरुंकै, रिकाम्या हाताने. आपल्याला वाटतं रिकामा हात सोपा म्हणून पहिला, पण त्यांच्याकडे तो शेवटचा, कारण हत्यारवाल्यासमोर रिकाम्या हाताने उभं राहायचं तर आधी हत्यार आतून माहिती पाहिजे. उत्तरेकडच्या पद्धतीत त्यांची जागा पण ठरलेली, जमिनीत खणलेला आखाडा, साधारण ४२ फूट बाय २१ फूट. परत तेच, जागा.

तुझ्या पायरीकरांचा क्रम जागेवरूनच काढ. पहिली काही वर्षं लढायचंच नाही, नुसतं पाण्याचे हंडे घेऊन वर खाली, एक हात खोबणीत. मग दुसऱ्याला धरायला शिकायचं. मारायला नाही, धरायला. कारण तिथे सरावात पडलेला जोडीदार परत येत नाही, म्हणून पहिली विद्या ही की माझ्या खालचा किंवा वरचा घसरला तर मी त्याला पकडणार. मग घोटा, मग टाच, आणि टाच शेवटी कारण ती एका पायावरची. सरावात टाच कधीच पूर्ण मारायची नाही, केसाला शिवून परत घ्यायची. म्हणजे ज्याने कधी खरी लढाई बघितली नाही त्या पायरीकराने आयुष्यात एकदाही टाच पूर्ण मारलेली नसते. मैदानात पहिल्यांदा पूर्ण मारताना ती पोरगी थबकेल का? ते तू आणि डीएम ठरवा.

---

घाटावरचा_डीएम

ओके सगळं घेऊन नवीन ड्राफ्ट लिहिलाय, बॅटल मास्टरच्या जागी, डाइस आणि डीसी तेच.

खोबण. कायम चालू, डाइस लागत नाही. एक हात रिकामा आणि तो हात कातळ, भिंत, झाड, दोरी अशा स्थिर गोष्टीवर टेकलेला असेल तर ढकलणं, पाडणं, पडणं याविरुद्धच्या चेक आणि सेव्हला ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा घेणं), आणि वाईट जमिनीचा −२ लागत नाही. ढाल किंवा दोन हातांचं हत्यार असेल तर बंद. बूट असतील तर ॲडव्हान्टेज जातो पण −२ ची सूट राहते.

घोटा. समोरचा वर असेल आणि वार लागला तर एक डाइस, डॅमेजमध्ये मिळवायचा, स्ट्रेंग्थ सेव्ह चुकला की प्रोन. तोड: समोरच्याचा पण एक हात कशाला तरी धरलेला असेल तर त्याला सेव्हवर ॲडव्हान्टेज.

टाच. समोरचा खाली आहे आणि त्याचा तिच्यावरचा वार हुकला की रिॲक्शनमध्ये (राऊंडला एकदाच मिळणारी लगेचची कृती) एक डाइस खर्चून टाचेचा वार, लागला तर डाइस डॅमेजमध्ये आणि स्ट्रेंग्थ सेव्ह चुकला तर तो ५ फूट मागे. तोड: टाच हुकली तर तिलाच डीसी १० चा डेक्स सेव्ह, नाहीतर ती प्रोन.

साखळी. ५ फुटांत कोणी आपला माणूस पडत असेल तर रिॲक्शनमध्ये एक डाइस, तो डाइस ॲथलेटिक्सच्या रोलमध्ये मिळवून त्याला पकडायचं.

उभ्या पायरीवरून पडलेल्याला लगेच १०० फूट खाली नाही पाठवणार, डीसी १२ चा डेक्स सेव्ह, जमला तर १० फुटांवर खोबण सापडते, १डी६ आणि प्रोन. नाही जमला तर ३० फूट, ३डी६, आणि पुढच्या टर्नला परत सेव्ह.

साखळीचा डीसी किती ठेवू ते कळत नाहीये. आणि पकडलं तर ती स्वतः पडण्याचा धोका ठेवायचा का?

---

दोरीवरची

ठेवायचाच. पकडणाऱ्याचा धोका काढला तर ते धरणं नाही, ते झेल घेणं झालं. मुलींना स्पॉट करताना माझा स्वतःचा पाय कुठे आहे हे मी आधी बघते, मग हात पुढे.

---

डी२०_नाशिकरोड

डीसी १३ ठेवा. तिचा +५, डाइसचे सरासरी साडेचार, म्हणजे १३ ला ती बहुतेक वेळा पकडते, आणि पकडावंच, कारण डाइस आणि रिॲक्शन दोन्ही गेले, त्याच राऊंडला टाच मारता येणार नाही. चिलखत घातलेला जड माणूस असेल तर १६. चुकली तर तिला खोबणीचा डेक्स सेव्ह, डीसी १०, ॲडव्हान्टेज फक्त दुसरा हात टेकलेला असेल तर. म्हणजे हातातलं हत्यार सोडून पकडायचं की हत्यार ठेवून जोखीम घ्यायची हे तिने त्या क्षणी ठरवायचं. मी तर म्हणेन हत्यार सोडलं तर सेव्ह लागूच नये.

बाकी टाचेबद्दल एक बदल, रिपोस्ट या मूळ मनूव्हरमध्ये नुसताच डॅमेज आहे, तुमच्यात डॅमेज पण आहे आणि ढकलणं पण, ते पट्टीच्या जरा बाहेर जातं. हुकल्यावर प्रोन होण्याचा धोका आहे म्हणून चालेल, पण लेव्हल ७ ला पाचवा डाइस आला की परत एकदा बघा. आणि मॉन्कने समोरच्याला बधिर केलं तर तो स्ट्रेंग्थ सेव्ह आपोआप चुकतो, म्हणजे घोटा लागला की तो पडलाच. दोघांनी मिळून खेळावं असंच आहे ते, मित्राला आधी सांगून ठेवा.

---

वाट_चुकलेली_फायटर

हत्यार सोडलं तर सेव्ह नाही हे फायनल करूया. पहिल्या सेशनला कोयता नेतेय, भाला नाही, एका हातात आखूड काहीतरी हवं. मॉन्कला मेसेज केलाय, तो म्हणाला लेव्हल ५ ची वाट बघतोय.

---

तीन_षटकोनी

कोयत्याला सिकलचे आकडे लावू नका, १डी४ फार कमी पडेल. हँडॲक्सचे लावा, १डी६, हलका, फेकता पण येतो.